पंखाखालचा लाल ओघळ

जावई दातांचा डॉक्टर निघाला, हे फोरमनने एक वेळ पोटात घातलं असतं. दात काय, कुणीतरी उपटायलाच हवेत. पण हा गडी रविवारी दवाखान्याचं शटर ओढून मागच्या खोलीत प्लास्टिकची विमानं चिकटवत बसतो, हे काही केल्या त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. ज्याने उभ्या हयातीत खऱ्या लढाऊ जेटच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातले, त्याच्या एकुलत्या एका मुलीने नवरा निवडावा तर असा, चिमट्याने खेळणी उचलणारा. लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी फोरमन त्याला नावाने हाक मारत नसे. 'डॉक्टर' म्हणायचा, आणि तेही अशा सुरात, की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्या माणसाची डिग्री नक्की खोटी असणार.

हँगरमध्ये सगळे त्याला फोरमनसाहेब म्हणत. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी त्याला तेच ऐकायला लागायचं. पेपर टाकणाऱ्याने आणि केस कापणाऱ्यानेही साहेब म्हणावं, अशी त्याची अपेक्षा असे. आपल्यावर तशी सक्ती नाही, तेव्हा आपण नुसतं फोरमन म्हणू.

ह्या फोरमनला सगळं जग तुच्छ वाटायचं, आणि त्याचं कारण होतं एक पांढरी चादर. जेट विमान जमिनीवर उभं असलं की कुठून ना कुठून ठिबकतंच. कधी इंधन, कधी इंजिनाचं तेल, कधी हायड्रॉलिकच्या नळ्यांतलं लाल तेल. हँगरमधले लोक खाली पत्र्याचे ट्रे सरकवतात आणि आपापल्या कामाला लागतात. त्यात कुणी कुणाला नावं ठेवत नाही. फोरमन मात्र आपल्या सतरा नंबरच्या विमानाखाली रोज काम संपल्यावर एक पांढरीशुभ्र चादर अंथरायचा. सकाळी सगळे जमले की ती उचलायची, दोन हातांत ताणून चारी बाजूंना फिरवून दाखवायची, आणि मग शेजारच्या विमानांखालच्या ट्रेंकडे बघून नाक मुरडायचं. "तुमच्या विमानांचं पोट बिघडलंय," असं तो बाकीच्या टोळ्यांना रोज सांगायचा. अकरा वर्षं ती चादर कोरडी निघाली. नवीन आलेल्या मेकॅनिकला पहिल्या दिवशी चादर बघायला आणत. चादरीचा मालक कंबरेवर हात ठेवून बाजूला उभा असे.

आता ते विमान भंगारात गेलं होतं आणि चादरीचं काय झालं ते कुणालाच माहीत नव्हतं. पण जुन्या हँगरवाल्यांच्या मंडळाने ठरवलं होतं, की ट्रेनिंग स्कूलच्या दर्शनी हॉलमध्ये काचेच्या पेटीत सतरा नंबरचं एक हुबेहूब मॉडेल ठेवायचं आणि खाली पितळी पाटी लावायची. पाटीवर मजकूर कोरून तयार होता: 'ह्या विमानाखालची चादर अकरा वर्षं कोरडी राहिली.' त्याखाली फोरमनचं नाव, पूर्ण. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला फार काही नको असतं. फोरमनला ती पाटी हवी होती. रोज तिच्यासमोरून नवी पोरं जातील, नाव वाचतील, मान खाली घालून कामाला लागतील, असं चित्र तो दुपारी आरामखुर्चीत पडून रंगवत असे. आणि ह्या सगळ्यासाठी जावयाच्या खेळण्याचा टेकू घ्यावा लागतोय, ह्याने त्याचा तिळपापड होत होता. मंडळाला मॉडेल बनवणारा दुसरा कुणी मिळाला नव्हता.

मेळाव्याच्या आदल्या रविवारी तो मॉडेल तपासायला मुलीकडे आला. तपासायला म्हणजे चुका काढायला. चष्म्याची काच घरूनच पुसून आणली होती.

दवाखान्यामागची खोली जेमतेम दोन खाटांएवढी. टेबलावर दात कोरायच्या बारीक ड्रिलची तोंडं, कापसाचे बोळे, रंगाच्या बाटल्या, आणि प्लास्टिकच्या त्या चौकटी, ज्यांतून एकेक सुटा भाग कापून काढायचा असतो. कोपऱ्यात किटचं रिकामं खोकं उभं होतं, लहान मूल आत झोपेल एवढं. झाकणावर विमानाचं चित्र आणि बाजूला तुकड्यांची संख्या: नऊशे चाळीस. जावयाला ते जोडायला चौदा महिने लागले होते.

"चौदा महिने," फोरमन म्हणाला. "आम्ही खऱ्याचं इंजिन एका दिवसात उतरवून चढवायचो."

"तुम्ही सहाजण होतात ना, बाबा," जावई म्हणाला. तो कुणाच्याही म्हणण्यावर असंच साधं, खरं उत्तर द्यायचा. फोरमनला त्याचा हाच गुण सगळ्यांत जास्त खटकायचा.

विमान टेबलाच्या मधोमध एका काळ्या पाटावर उभं होतं. हातभर लांब, राखाडी, तीन चाकांवर.

"खऱ्याच्या बत्तीसपट लहान आहे," जावई म्हणाला.

"बरोबर बत्तीस?"

"बरोबर बत्तीस."

"तरीच तुम्हाला जमलं, डॉक्टर. बत्तिशीच्या पलीकडे तुमचा काही अभ्यास नाही."

दारात मुलगी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने बापाकडे बघितलं आणि कप जरा जोरातच टेबलावर ठेवला.

फोरमन वाकला. पहिल्यांदा त्याने नाकावर टकटक केलं. "भरीव लागतंय."

"वजन घातलंय आत. नाहीतर ही जेटं मागे कलंडतात, शेपटीवर बसतात. दाढेत भरायचं चांदीचं मिश्रण उरलं होतं, तेच भरलं."

"म्हणजे विमानाची दाढ भरलीत." फोरमन स्वतःच हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

मग तो खरोखरच तपासायला लागला. पायलटच्या खुर्चीवरची, संकटात ओढायची पिवळी-काळी मूठ बघितली. तिच्यावरचे पट्टे खऱ्यासारखेच ओढलेले होते. पुढच्या चाकाच्या खोबणीतल्या नळ्या बघितल्या. चारच्या चार, आणि तिसरी दुसरीच्या वरून गेलेली, जशी फक्त सतरा नंबरला गेलेली होती, कारण ती त्याने स्वतःच तशी वळवली होती. पायलटच्या डोक्यावरच्या काचेच्या चौकटीवर एक ओरखडा होता. तो कुणाच्या पान्याचा, हे फोरमनला माहीत होतं. रंगाऱ्याने सतरामधल्या सातची शेपटी वाकडी काढली होती, आणि इथेही ती वाकडीच होती. शेपटीकडे इंजिनाची काजळी, तोफेच्या तोंडाशी धुराचा काळसर पट्टा, सगळं जिथल्या तिथे.

चूक सापडत नव्हती, आणि त्याचा पारा चढत चालला होता. ज्या माणसाने आयुष्यात विमानाला बोट लावलं नाही, त्याने लोकांच्या दाढा कोरता कोरता हे सगळं जमवावं म्हणजे काय?

"कशावरून केलंत हे?"

"किटमधल्या माहितीवरून थोडं. बाकी ह्या फोटोवरून." जावयाने भिंतीवरचा दिवा लावला. दातांचे एक्स-रे बघायच्या पांढऱ्या काचेवर एक मोठा केलेला फोटो अडकवला होता. सतरा नंबर, उन्हात, डाव्या बाजूने. "तळहाताएवढा होता मूळ. मी स्कॅन करून मोठा केला. एका पेशंटनी दिला. ते तुमच्याच हँगरला..."

"पेशंटांच्या गोष्टी मला नका सांगू," फोरमन म्हणाला. "कुणाची दाढ दुखते आणि कुणाची हलते, मला काय करायचंय."

 तो पेशंट कोण, हे फोरमनने त्या वेळी ऐकून घेतलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणं हे त्याला कमीपणाचं वाटायचं.

"खालून दाखवा," तो म्हणाला.

"उचलता नाही येणार. चाकांची दारं फार नाजूक आहेत. ह्याने बघा." जावयाने त्याच्या हातात तोंड तपासायचा छोटा गोल आरसा दिला.

फोरमनने तो आरसा चिमटीत धरून डाव्या पंखाखाली सरकवला. चाकाची खोबणी दिसली, तिच्या मागची झडप दिसली. आणि त्या झडपेच्या कडेतून निघून पोटावरून मागे गेलेला, केसाएवढा बारीक, लाल ओघळ दिसला.

आरसा त्याने तिथेच धरून ठेवला.

एकतीस वर्षांपूर्वी एका सकाळी त्याने हा ओघळ बघितला होता. त्या दिवशी कुणी मोठा पाहुणा हँगर बघायला येणार होता. विमानं ओळीने बाहेर काढायची, फोटो काढायचे, मग सतरा नंबर उडून दाखवणार. फोरमन सगळ्यांच्या आधी आला, चादर उचलली, आणि चादरीवर तीन थेंब होते. लाल. वर बघितलं तर झडपेतून ओघळ. आत चाक खाली ढकलणाऱ्या नळीचा एक जोड सैल झाला होता. काम काही मोठं नव्हतं. पण नियमाप्रमाणे वहीत लिहायचं, विमान कार्यक्रमातून काढायचं आणि दिवसभर ठेवून घ्यायचं. म्हणजे चादर ओली निघाली हे पाहुण्यासकट सगळ्यांना कळणार. शेजारचे ट्रेवाले दात काढणार. फोरमनने चादर उलटी केली, कोरडी बाजू सगळ्यांना दाखवली आणि वहीत 'तपासलं, ठीक' असं लिहून सही केली. फोटो काढून झाल्यावर कुणाचं लक्ष नाही बघून ओघळ फडक्याने पुसला. जोड नंतर आवळू, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. दरम्यान एका साहेबाला डावा टायर झिजलेला दिसला. टायर बदलायला टोळीतला सगळ्यांत धाकटा मेकॅनिक पाठवला, जाड भिंगांचा चष्मा लावणारा, ज्याला सगळे भिंग्या म्हणत. त्याने टायर बदलला आणि विमान उडालं.

उतरताना डावं चाक बाहेर आलं नाही. विमान एका पंखावर घसरत गेलं. पायलट जगला, पण त्याच्या पाठीचा मणका गेला आणि पुन्हा तो कधी उडाला नाही.

चौकशीत फोरमनने छाती ठोकून सांगितलं, की सकाळी आपण तपासलं तेव्हा एक थेंबही नव्हता, चादर सगळ्यांनी बघितली आहे. त्यानंतर त्या खोबणीत हात घातला तो फक्त भिंग्याने. पाना लागून जोड सैल झाला असणार. भिंग्याला तर धड दिसतही नाही. खापर भिंग्यावर फुटलं. त्याला हँगरमधून काढलं आणि कपड्यांच्या कोठारात टाकलं. जन्मभर तो तिथे बूट आणि ब्लँकेटं वाटत राहिला. सुरुवातीची काही वर्षं तो कँटीनमध्ये समोर आला की फोरमन त्याला विचारायचा, "काय भिंग्या, बुटाच्या लेस तरी नीट बांधता येतात ना?" बरोबरचे हसायचे. असं दोन-चारदा झाल्यावर भिंग्या कँटीनमध्ये यायचा बंद झाला.

आणि आता तो ओघळ इथे, दातांच्या आरशात.

"हे काय आहे?" फोरमनने विचारलं. आवाज जितका कोरडा ठेवता येईल तितका ठेवला.

जावयाचा चेहरा खुलला. कुणी त्या ओघळाबद्दल विचारावं म्हणून तो बहुतेक सकाळपासून वाट बघत होता. "तो फोटोत आहे, बाबा. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मी रंग वेगळे करून बघितले तेव्हा सापडला. बरोबर रंग येईना. शेवटी दातांवरची घाण दाखवायला आम्ही जे लाल औषध लावतो ना, ते पातळ करून सुईने ओढला. दोन महिने लागले."

"चूक आहे."

"चूक?"

"माझ्या विमानातून कधी काही गळालं नाही. पाटीवर काय लिहिलंय ते वाचलंत ना? पुसा ते."

जावई फोटोकडे बघत राहिला. तो वाद घालणारा माणूस नव्हता, पण एकदा डोक्यात शिरलेली गोष्ट पुरती कोरल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. "मला एक शंका आहे, बाबा. हा डावा टायर बघा. झिजलेला आहे, आतलं कापड दिसतंय. मी तोही तसाच केलाय. तुम्हीच मागे सांगितलं होतंत, की अपघात झाला त्या दिवशी आधी टायर बदलला आणि मग गळती सुरू झाली. फोटोमागे तारीख त्याच दिवसाची आहे, पण इथे टायर जुना आहे आणि ओघळही आहे. दोन्ही एकदम कसं? गळती नंतरची असेल, तर मी ओघळ ठेवतो आणि टायर नवा बसवतो. किटमध्ये नव्या टायरचा जोड उरलाय."

त्याने हे अगदी सरळपणे विचारलं. त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं. त्याला फक्त विमान बरोबर हवं होतं.  चौकशीला बसलेल्या पाच अधिकाऱ्यांना जे दिसलं नाही, ते ह्या खेळणी चिकटवणाऱ्या माणसाने टेबलावर मांडून ठेवलं होतं, आणि आपण काय मांडलंय हे त्याला स्वतःलाही कळत नव्हतं. निदान तेवढ्या बाबतीत तरी तो फोरमनच्या समजुतीप्रमाणे मूर्ख होता.

"टायरला हात लावू नका," फोरमन म्हणाला. "काजळी राहू दे, धूर राहू दे. ओघळ पुसा. फोटो खराब झालेला असेल. जुन्या फोटोंना डाग पडतात, एवढंही कळत नाही? मी अकरा वर्षं त्या विमानाखाली झोपलोय म्हटलं तरी चालेल. तुम्ही मला सांगणार?"

"तसं नाही," जावई म्हणाला. "तुम्ही म्हणता तर चूकच असणार."

"दोन महिने घातलेत त्यांनी त्याच्यावर, बाबा," मुलगी म्हणाली.

"मग त्या दोन महिन्यांत चार दाढा जास्त उपटायच्या होत्या."

जावयाने कापसाचा बोळा काडीला गुंडाळला, थिनरमध्ये बुडवला आणि मान वाकडी करून पंखाखाली घातला. तीन-चार हलके फटकारे. बोळा बाहेर आला तो गुलाबी झाला होता. फोरमनने आरसा घालून बघितलं. ओघळ गेला होता. त्याने चहा मागितला. मघाचा गार झाला होता. जाताना उंबऱ्यात थांबून त्याने जावयाला सांगितलं, की एकूण काम वाईट नाही, चिकटवण्यापुरतं ठीक आहे. एकोणीस वर्षांत एवढं गोड तो पहिल्यांदाच बोलला, आणि म्हणूनच मुलगी तो गेल्यावर बराच वेळ दाराकडे बघत उभी राहिली.

मेळावा पुढच्या रविवारी सकाळी होता. हॉलमध्ये घडीच्या खुर्च्यांच्या ओळी, पुढे माईक, आणि दारापाशी काचेची पेटी, तिचं झाकण अजून बसवायचं होतं. पितळी पाटी घासूनपुसून लखलखीत केलेली. फोरमन कडक इस्त्रीचा कोट घालून पेटीशेजारी उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला तोलत होता. हा ट्रेवाला. हा ट्रेवाला. ह्याच्या विमानातून तर तेल नव्हे, नळ वाहायचा. सगळ्यांचे केस गेलेले, पोटं सुटलेली. आपण तेवढे ताठ, असं त्याला वाटत होतं. ट्रेवाले बिचारे वाकून विमान बघत होते, पाटी वाचत होते आणि त्याचा हात हातात घेऊन मनापासून हलवत होते.

तेवढ्यात जावई एका किरकोळ म्हाताऱ्याला हाताला धरून घेऊन आला. "बाबा, हेच ते पेशंट. ह्यांनीच फोटो दिला. तुमच्याच टोळीत होते म्हणे. मी सांगणार होतो त्या दिवशी."

भिंगं आणखी जाड झाली होती. फोरमनने त्याला तेवढ्यावरून ओळखलं.

"नमस्कार, फोरमनसाहेब," भिंग्या म्हणाला. नवी कवळी अजून तोंडात नीट बसली नसावी, एकेक शब्द जपून येत होता. "डॉक्टरांनी दात बसवून दिले. आता बोलायला जमतं."

कुणीतरी झाकणासाठी जावयाला हाक मारली. भिंग्याने हात पुढे केला. "डॉक्टर, तुमचा तो छोटा आरसा द्या जरा." जावयाने खिशातून काढून दिला आणि तो गेला.

भिंग्या पेटीवर वाकला. नाक जवळजवळ पंखाला टेकवून त्याने आरसा खाली घातला. फोरमनला त्याच्या डोक्यावरचे विरळ पांढरे केस दिसत होते आणि तो हात तिथून झटकून टाकावा असं फार वाटत होतं. पण आजूबाजूला माणसं होती.

"ओघळ गेला," भिंग्या वाकलेलाच म्हणाला.

"कसला ओघळ?"

"दहा दिवसांपूर्वी होता, आणि टायर जुनाच. मी कवळीचं माप द्यायला गेलो होतो, तेव्हा डॉक्टरांनी दाखवला. केवढे खूश होते." तो सरळ झाला. "फोटो मला दोन वर्षांपूर्वी मिळाला. फोटोवाला वारला, त्याच्या पोराने जुने फोटो ज्याचे त्याला वाटले. माझ्या डोळ्यांना त्यात कधी काही दिसलं नाही. डॉक्टरांना मॉडेलसाठी हवा होता म्हणून दिला, बस्स."

"त्यांनी चूक केली होती. मी दुरुस्त करायला लावली."

"हो का." भिंग्याने आरसा रुमालाने पुसला. "मलाही वाटलं, चूक असेल. ही मॉडेलवाली मंडळी हौसेने डाग रंगवतात, असं डॉक्टरच म्हणाले होते. म्हणून मी गप्प बसलो. म्हटलं, फोरमनसाहेब बघतील. ते विमान त्यांच्याएवढं कुणाला माहीत नाही. नुसताच रंगवलेला डाग असेल, तर ते हसतील आणि राहू देतील."

फोरमनने लखलखीत पाटी उगाच बोटाने पुसली.

"काजळी राहू दिलीत तुम्ही. धूर राहू दिलात. माझ्या पान्याचा ओरखडासुद्धा राहू दिलात. एवढा केसाएवढा ओघळ तेवढा पुसून घेतलात." भिंग्याचा आवाज चढला नव्हता. "एकतीस वर्षं मला वाटत होतं, साहेब, की पाना माझाच लागला. बायकोला मी तेच सांगितलं, ती जाईपर्यंत. त्या पायलटच्या घरी जाऊन त्याचे पाय धरले होते मी. झोपेत हाताला पाना लागल्यासारखा वाटायचा. आणि तुम्हाला प्लास्टिकच्या विमानावरचा डाग आठ दिवस सोसवला नाही."

"हे बघ, भिंग्या," फोरमन म्हणाला, "पुरावा काय आहे तुझ्याकडे?"

हे तोंडातून निघून गेलं, आणि मगच त्याला कळलं की आपण काय बोललो.

भिंग्याने त्याच्याकडे नीट बघितलं. त्या भिंगांमागे राग असता तर फोरमनला चाललं असतं. रागावलेल्या माणसांना त्याने आयुष्यभर तोंड दिलं होतं. पण भिंग्या त्याच्याकडे तसा बघत होता, जसा फोरमन स्वतः ट्रेंकडे बघायचा.

"मला नकोय पुरावा," तो म्हणाला. "मी कुणाला सांगणारही नाही. ह्या वयात कशाला? मला फक्त कळायला हवं होतं. तुमच्याबद्दल मला आदर होता, साहेब. एवढं सगळं होऊनही होता. वाटायचं, माझ्यासारखा बावळट त्यांच्या टोळीत असायलाच नको होता." त्याने आरसा फोरमनच्या कोटाच्या वरच्या खिशात सरकवून दिला, लहान मुलाच्या खिशात रुमाल सारतात तसा. "जा. बोलावतायत तुम्हाला."

माईकवरून खरंच त्याचं नाव पुकारत होते. फोरमन खुर्च्यांच्या मधून चालत पुढे गेला. वाटेत दोघा-तिघांनी पाठ थोपटली. जावयाने झाकण बसवलं होतं आणि तो मुलीशेजारी उभा राहून हसत होता, आपलंच कौतुक असल्यासारखा. मुलगी हसत नव्हती.

भाषण पाठ होतं. महिनाभर आरशासमोर म्हटलेलं. सुरुवातीची वाक्यं आपसूक निघाली: जुने सोबती, जुने दिवस, शिस्त. मग ते वाक्य आलं, ज्याच्यासाठी बाकीचं सगळं लिहिलं होतं. फोरमन थांबला. तिथे तो दुसरं काहीतरी बोलू शकला असता. त्याच्याकडे तेवढा वेळ होता, समोर शंभरेक माणसं शांत बसली होती, आणि कोटाच्या खिशातला आरसा छातीला टोचत होता. भिंग्या पहिल्याच ओळीत येऊन बसला होता, हात मांडीवर, मान किंचित पुढे. त्याला लांबचं ऐकू कमी येत असावं.

"माझ्या विमानाखालची चादर," फोरमन म्हणाला, "अकरा वर्षांत एकदाही ओली झाली नाही."

टाळी सगळ्यांच्या आधी भिंग्याने वाजवली. मग हॉलभर टाळ्या झाल्या. त्या थांबल्या, लोक हात खाली घेऊन पुढचं ऐकायला सरसावले, तरी भिंग्या नव्या कवळीचे सगळे दात दाखवत, फोरमनच्या तोंडाकडे बघत, सावकाश टाळ्या वाजवतच राहिला.